किल्ल्याचा बिंदू नेमका कुठे टेकवायचा? विकिपीडियावरच्या नकाशाच्या दुव्यांचे वाद

विकिपीडियावर एखाद्या जुन्या वास्तूचा लेख उघडून 'इतिहास पहा'वर टिचकी मारली की त्या लेखात आजवर कुणी काय बदललं याची सगळी यादी समोर येते. किल्ला कुणी बांधला, देऊळ कोणत्या शतकातलं, यावरून खटके उडालेले दिसतील अशी आपली अपेक्षा असते आणि ते असतातही. पण त्यांच्या जोडीला कधी कधी एक वेगळीच ओढाताण दिसते. एकाने नकाशाचा दुवा टाकला, दुसऱ्याने काढला, पहिल्याने पुन्हा टाकला, तिसऱ्याने त्या जागी दुसऱ्याच कंपनीच्या नकाशाचा दुवा आणून बसवला. बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामा उद्योग वाटतो. मला तसं वाटत नाही. 'ही वास्तू इथे आहे' हे विधान वाचून माणूस गाडी काढतो आणि तिथे जातो. ते चुकलं तर तोही चुकतो.

सोलापूरकरांनी तर यात लक्ष घालायलाच हवं. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, इंद्रभुवन, चार हुतात्मा चौक, शहराबाहेर हत्तरसंग कुडल, जिल्ह्याबाहेर नळदुर्ग. एवढ्या जागा आहेत आणि त्यांची माहिती लिहायला आपल्याशिवाय दुसरं कुणी येणार नाही.

दुवा द्यायचा की अक्षांश-रेखांश?

समजा, भुईकोट किल्ल्याच्या लेखाखाली 'बाह्य दुवे' या भागात कुणी गूगल मॅप्सचा दुवा टाकला. हेतू चांगलाच आहे. टाकणाऱ्याला वाटतं, वाचकाला एका टिचकीत रस्ता दिसावा. मग थोड्या वेळाने दुसरा सदस्य तो दुवा काढतो आणि कारण लिहितो, 'नकाशाचे थेट दुवे नकोत, अक्षांश-रेखांश द्या.' पहिला चिडतो. एवढ्या उपयोगाची गोष्ट का काढली, हे त्याला कळत नाही.

काढणाऱ्याच्या बाजूला नियम आहे. इंग्रजी विकिपीडियाच्या बाह्य दुव्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की नकाशांकडे थेट दुवा देण्याऐवजी अक्षांश-रेखांशांचा साचा, म्हणजे माहिती भरायची तयार चौकट, वापरावा. (प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले संकेत आपण ठरवतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्याची स्वतःची चावडी, म्हणजे सदस्यांच्या चर्चेचं पान, आहे. पण या बाबतीतला विचार बहुतेक भाषांत सारखाच दिसतो.) साच्यात अक्षांश-रेखांश भरले की लेखाच्या वरच्या कोपऱ्यात किंवा बाजूच्या माहितीचौकटीत ते आकडे दिसतात. त्यांवर टिचकी मारली की जिओहॅक नावाचं पान उघडतं. त्या पानावर त्याच ठिकाणासाठी अनेक नकाशांचे दुवे ओळीने मांडलेले असतात: ओपनस्ट्रीटमॅप (स्वयंसेवकांनी मिळून केलेला खुला नकाशा), गूगल, बिंग आणि आणखी कितीतरी. कोणता उघडायचा ते वाचक ठरवतो.

या नियमामागची कारणं मला पटतात. पहिलं कारण निःपक्षपातीपणाचं. ज्ञानकोशाने एका कंपनीचा नकाशा निवडून दिला, तर तो एका दुकानाकडे बोट दाखवल्यासारखा होतो. मग कुणी विचारतो, इस्रोचा 'भुवन' का नाही? तो तर २००९ पासून आहे आणि आपल्या देशाचा आहे. दुसरा विकिमॅपियाचा दुवा आणतो. नावात साम्य असलं तरी त्या संकेतस्थळाचा विकिपीडियाशी काही संबंध नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एकाला जागा दिली की बाकीच्यांना नाही म्हणायला आधार उरत नाही आणि चार वर्षांत लेखाखाली दुव्यांची रांग लागते. त्या रांगेत हळूच एखाद्या हॉटेलचा किंवा सहल कंपनीचा नकाशाही येऊन बसतो. खरं तर इंग्रजी विकिपीडियाने २००७ पासून आपल्या बाह्य दुव्यांवर अशी खूण लावली आहे की शोधयंत्रांनी त्यांना महत्त्व देऊ नये. जाहिरातीसाठी दुवा टाकणाऱ्याला त्यातून वरचा क्रमांक मिळायची आशा नाही. तरी टाकणारे टाकतातच.

दुसरं कारण टिकण्याचं. दुवा कंपनीच्या मर्जीवर जगतो. फोनमधून 'शेअर' केल्यावर जो आखूड दुवा मिळतो, तो विकिपीडियावर जपून ठेवताच येत नाही असा अनुभव अनेक नवख्यांना येतो. दुवे आखूड करून देणाऱ्या सेवा काळ्या यादीत आहेत, कारण आखूड दुव्यामागे नेमकं काय लपलंय ते कळत नाही. आणि अशा सेवा बंदही पडतात. आकड्यांना ती भीती नाही. आजचे सगळे नकाशे बुडाले तरी अक्षांश-रेखांश तसेच राहतील.

मात्र दुवा टाकणाऱ्याची बाजू मोडीत काढावी अशी नाही. जिओहॅकचं पान मोबाइलवर गिचमिड दिसतं. एस. टी. स्टँडवर उतरून किल्ल्याकडे निघालेल्या माणसाला दहा-वीस नावांतून एक निवडायला सांगणं म्हणजे त्याची अडवणूकच. ही तक्रार रास्त आहे आणि नुसतं 'नियम वाचा' म्हणून ती उडवून लावणाऱ्या जाणत्या सदस्यांचा मला राग येतो. यावर आता एक चांगला मधला मार्ग आहे. लेखातच छोटा नकाशा बसवायची सोय विकिपीडियात आली आहे. तो ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतो, पानातल्या पानात मोठा होतो आणि ओपनस्ट्रीटमॅपवर एखाद्या जागेचं मराठी नाव नोंदलेलं असेल तर मराठी विकिपीडियावर ते मराठीतच दाखवू शकतो. नाव नोंदलेलं नसेल तर दाखवणार कुठून? ते नोंदवायचं काम कुणीही करू शकतो. कुंभार वेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावं आपल्या लिपीत नकाशावर असणं मला एखाद्या दुव्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

देशाच्या सीमेचा प्रश्न याच चर्चेत मध्येच उपटतो. परदेशी नकाशांत भारताची सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे असतेच असं नाही. २०२० च्या अखेरीस भारत-भूतान संबंधांवरच्या लेखातला नकाशा काढून टाकायला भारत सरकारने विकिपीडियाला सांगितलं होतं. सोलापूरच्या किल्ल्याचा त्या सीमेशी काही संबंध नाही. माहितीचौकटीत अख्ख्या देशाच्या नकाशाऐवजी जिल्ह्याचा किंवा शहराचा नकाशा लावला की हा वाद तिथे उद्भवतच नाही.

आकडे ठरले, पण बिंदू कुठला?

इथून पुढचे वाद जास्त खोल आहेत आणि जास्त महत्त्वाचेही.

भुईकोट किल्ल्याचे अक्षांश-रेखांश ढोबळमानाने १७.६७ उत्तर आणि ७५.९० पूर्व. हे आकडे बरोबर आहेत. पण अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्याची किंमत एक किलोमीटरहून थोडी जास्त. म्हणजे या आकड्यांत किल्ला, त्याच्या शेजारचा तलाव, तलावातलं सिद्धेश्वर मंदिर, सगळं मिसळून गेलं. तिसऱ्या आकड्याची किंमत १११ मीटर, चौथ्याची ११ मीटर, पाचव्याची एक मीटरच्या आसपास. सहावा आकडा ११ सेंटिमीटर सांगतो, म्हणजे वीतभरसुद्धा नाही.

आता नकाशावरून उचललेले सहा-सहा आणि सात-सात दशांशांचे आकडे लेखात तसेच चिकटवलेले दिसतात. दिसायला फार नेमके. पण किल्ला म्हणजे काही एक दगड नाही. दोन तटबंद्या, बुरूज, खंदक, आतली बाग, एवढ्या पसाऱ्याला वीतभर नेमकेपणा लावणं म्हणजे खोटा आत्मविश्वास दाखवणं. इंग्रजी विकिपीडियाचा सल्ला असा की वस्तूच्या आकाराच्या साधारण एक दशांश इतकाच नेमकेपणा ठेवावा. काही शे मीटर पसरलेल्या भुईकोटाला तीन-चार दशांश भरपूर झाले. नळदुर्ग त्याहून खूप मोठा, त्याला तीन चालतील. चौकातल्या पुतळ्यांना मात्र पाच दिले तर योग्यच.

मग बिंदू मध्यभागी टेकवायचा की दरवाजाशी? 'मध्यभागी' म्हणणाऱ्याचं म्हणणं, लेख संपूर्ण किल्ल्याबद्दल आहे, म्हणून बिंदूही किल्ल्याच्या मध्याचा. 'दरवाजा' म्हणणारा सांगतो, वाचक मध्यभागी आकाशातून उतरणार नाही, त्याला आत शिरायची वाट हवी. भुईकोटाच्या बाबतीत दोन्ही बिंदू जवळ असल्याने फार बिघडत नाही. नळदुर्गाला बिघडतं. बोरी नदी, तिच्यावरचा बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणी महाल, पलीकडे रणमंडळ. एवढ्या विस्तारात 'मध्य' नदीच्या पात्रातही पडू शकतो आणि फोन माणसाला भलत्याच बाजूच्या शेतवाटेवर नेऊन सोडू शकतो. माझं मत असं की लेखाच्या वरचा मुख्य बिंदू मध्याचा ठेवावा आणि 'कसे जाल' सांगणाऱ्या वाक्यात दरवाजाचा बिंदू वेगळा द्यावा. एका आकड्याकडून दोन कामं करून घ्यायला गेलं की वाद होतोच.

चुका कशा होतात तेही बघण्यासारखं आहे. अंश-कला-विकला आणि दशांश या दोन पद्धतींची सरमिसळ ही सगळ्यांत मोठी. सोलापूर १७ अंश ४० कला उत्तर, ७५ अंश ५४ कला पूर्व. हेच कुणी १७.४० आणि ७५.५४ असं लिहिलं, तर वाचायला फरक जाणवतही नाही. पण १७ अंश ४० कला म्हणजे दशांशात १७.६७, कारण एका अंशात ६० कला असतात. त्या एका गफलतीने सोलापूरचा किल्ला सरळ नैऋत्येला, पन्नासेक किलोमीटरवर, मंगळवेढ्याच्या बाजूला जाऊन पडतो. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर तो जातो नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेकडच्या समुद्रात. ही दुसरी चूक नकाशा उघडताच दिसते, म्हणून लगेच दुरुस्त होते. पहिली वर्षानुवर्षं राहू शकते, कारण महाराष्ट्रातच, शेजारच्याच तालुक्यात बिंदू दिसतो आणि बाहेरच्या वाचकाला ते ठीकच वाटतं.

तिसरी चूक फोटोंमुळे होते आणि सिद्धेश्वर मंदिर हे तिचं अगदी चपखल उदाहरण. मंदिराचे सुंदर फोटो मिळतात ते तलावाच्या काठावरून, समोर पाणी आणि पाण्यात मंदिराचं प्रतिबिंब. फोनमधली जागेची नोंद चालू असेल तर फोटोच्या आत अक्षांश-रेखांश आपोआप साठवले जातात. विकिपीडियाचे फोटो जिथे साठवले जातात त्या विकिमीडिया कॉमन्सवर तो फोटो चढवला की ते आकडेही त्याच्याबरोबर जातात. पुढे कुणी तेच आकडे उचलून मंदिराच्या लेखात घालतो. पण ती जागा कॅमेऱ्याची आहे, मंदिराची नाही. झालं, मंदिर तलाव ओलांडून काठावर आलं. कॉमन्सवर म्हणूनच 'कॅमेऱ्याची जागा' आणि 'वस्तूची जागा' यांसाठी दोन वेगळे साचे आहेत. ज्याला हे माहीत नाही तो 'मी स्वतः तिथे उभा राहून घेतलेला बिंदू आहे' असं छातीठोक सांगतो. तो खोटं बोलत नसतो, तरी बिंदू चुकीचा असतो.

ज्यांना एक जागाच नाही

वास्तूंचं एक वेळ ठीक. पण मे १९३० मध्ये सोलापुरात लागलेल्या लष्करी कायद्याचा लेख घ्या. त्याच्या वर कोणता बिंदू लावणार? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली गेली ती पुण्याला, येरवड्यात. त्यांचं स्मारक सोलापूरच्या चौकात. घटना मात्र शहरभर घडलेल्या. अशा लेखावर चौकाचा बिंदू लावला की 'हे सगळं इथे घडलं' असा चुकीचा अर्थ निघतो. येरवड्याचा लावला तर सोलापूर गायब होतं. इथे मुख्य बिंदू न लावणं हेच प्रामाणिक उत्तर. स्मारकाची जागा स्मारकाबद्दलच्या वाक्यात द्यावी.

उभ्या न राहिलेल्या वास्तूंचा प्रश्न आपल्या गिरणगावाला जास्त जवळचा. जुनी गिरणी ही सोलापुरातली पहिली मोठी कापडगिरणी, १८७७ च्या सुमाराची. अशा गिरणीच्या लेखात बिंदू दिला आणि वाचकाने उपग्रहाचं चित्र उघडलं तर तिथे गिरणी दिसत नाही. मग कुणीतरी 'चुकीची जागा' म्हणून तो बिंदू काढून टाकतो. ते मला फार लागतं. गिरणी पडली तरी ती कुठे होती हे सत्य पडत नाही. उलट, पुढच्या पिढीला ती जागा सापडण्याचा तोच एक धागा. बिंदूसोबत 'पूर्वीची जागा' एवढे दोन शब्द लिहिले की काढणाऱ्याचा आक्षेप संपतो.

आणि सिद्धरामेश्वरांची ६८ लिंगं? गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज ज्या लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, ती शहराच्या पंचक्रोशीत विखुरलेली. यादीचा लेख केला आणि प्रत्येकापुढे नकाशाचा दुवा लावला तर ६८ दुवे होतील आणि पुन्हा तोच वाद. तक्त्यात प्रत्येक लिंगाचे अक्षांश-रेखांश दिले तर सगळे बिंदू एकाच नकाशावर दाखवणारा साचा उपलब्ध आहे. प्रदक्षिणेचा मार्ग एका नजरेत दिसेल. हा तक्ता व्हावा अशी माझी फार इच्छा आहे. फक्त एखादं लिंग कुणाच्या घराच्या आवारात असेल तर तिथे बिंदू मुद्दाम ढोबळ ठेवावा. भक्तांना वाट माहीत असतेच.

हत्तरसंग कुडलला हाच विचार वेगळ्या कारणाने करावा लागतो. भीमा-सीनेच्या संगमावरच्या या गावात संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन प्राचीन मंदिरं आहेत. संगमेश्वरातला इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. लेखात एकच बिंदू असला की तो कुणाचा, हे कळत नाही. शिलालेख पाहायला आलेला माणूस भलत्याच गाभाऱ्यात शोधत बसतो. दोन मंदिरांना दोन बिंदू हवेत. पण नेमके बिंदू नकोत असं म्हणणारेही आहेत. त्यांचा मुद्दा गंभीर आहे. पहारा नसलेल्या जागी गुप्तधनाच्या नादाने खोदणारे, मूर्ती उचलणारे यांना आपण घरबसल्या वाट दाखवतो का? कुडलसारखी सर्वांना माहीत असलेली जागा लपवून काही मिळत नाही. पण रानातली एकटी वीरगळ, नुकतंच सापडलेलं शिल्प, यांचा बिंदू गावापुरता ढोबळ ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

आकडे कुणाचे?

एक वाद असा आहे की तो फार थोड्यांना दिसतो. बिंदू आणला कुठून? एखाद्या मंदिराचे अक्षांश-रेखांश ही नुसती वस्तुस्थिती, तिच्यावर कुणाची मालकी नाही, असं एक म्हणणं. पण एकाच कंपनीच्या नकाशावरून शेकडो बिंदू उचलून आणले तर ते त्या कंपनीच्या अटींत बसेल का, हा प्रश्न वेगळा. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून तिथले स्वयंसेवक याबाबत काटेकोर आहेत. गूगलवरून पाहून काढलेली माहिती ते घेत नाहीत. विकिपीडियातले बिंदू अनेकदा गूगलवरूनच आलेले असतात म्हणून तेही सरसकट उचलू नका, असं ते सांगतात.

याला सोपं उत्तर आहे: स्वतः जाऊन घ्या. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची नोंद सुमारे ५ मीटरपर्यंत बरोबर येते. उंच तटाला खेटून उभं राहू नका, तिथे उपग्रहांचे संकेत अडतात. फोन दशांशात आकडे दाखवतो ना, हे पाहून ते टिपून घ्या आणि सोबत कुठे उभे होतात तेही लिहा.

वाद मिटतो कसा

इंग्रजी विकिपीडियावर एका सदस्याने एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर त्याच्यावर बंदी येऊ शकते. एखाद-दुसऱ्या उलटवणीनंतरच चर्चा पानावर जावं, हा रिवाज सगळीकडे चांगला. तिथे 'तुमचा बिंदू चुकीचा' एवढंच लिहिलं तर भांडण वाढतं. 'सध्याचा बिंदू तलावाच्या काठावर पडतो, तो बहुधा फोटोतल्या कॅमेऱ्याचा आहे. मंदिराच्या सभामंडपाबाहेर उभं राहून घेतलेले आकडे खाली देतो, चार दशांश ठेवावेत असं सुचवतो' असं लिहिलं तर समोरचा जाऊन तपासू शकतो. तो चिडला असला तरी त्याला बोलायला काहीतरी ठोस मिळतं.

आणखी एक गोष्ट सोलापुरात खास ध्यानात ठेवावी लागते. अनेक लेखांतले अक्षांश-रेखांश आता लेखात लिहिलेलेच नसतात, ते विकिडेटा या सामायिक साठ्यातून येतात. तिथे एक आकडा बदलला की ज्या ज्या भाषेतला लेख तिथून आकडा घेतो, तिथे तो बदलतो. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूही घराघरांत आहे. आपल्या किल्ल्यांचं, देवळांचं वाचणारे या सगळ्या भाषांत आहेत. म्हणून बिंदू दुरुस्त करायचा तर विकिडेटाच्या पानावर करा, तिथे त्या आकड्याचा आधार नोंदवा आणि कन्नड-तेलुगू लेखांच्या चर्चा पानांवरही दोन ओळी टाका. तिथल्या कुणी तोच बिंदू आधीच दुरुस्त करून हाताने लेखात लिहून ठेवला असेल तर त्याचा आकडा आणि आपला आकडा आधी ताडून पाहता येईल.